कापडावरील उष्ण स्थानांतर मुद्रण

कागदावर किंवा फिल्मवर आधी छापलेली आकृती उष्णता व दाब यांच्या साहाय्याने कापडावर, तयार कपड्यावर किंवा एखाद्या कलावस्तूवर उतरविण्याच्या पद्धतीस उष्ण स्थानांतर मुद्रण म्हणतात. व्यवहारात ही पद्धत ‘ट्रान्सफर छपाई’, ‘हीट प्रेस’ किंवा ‘सब्लिमेशन’ या नावांनी ओळखली जाते. तिचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात कागदावरील रंगाची वाफ होऊन तो तंतूच्या अंतर्भागात शिरतो. दुसऱ्यात रंगाचा पातळ पापुद्रा कागदावरून सुटून वितळलेल्या चिकट थराने कापडाच्या पृष्ठभागास चिकटतो. पहिल्याचा संबंध मुख्यतः पॉलिएस्टर तंतूशी येतो, तर दुसरा सुती कापडासही चालतो.

छपाईच्या इतर सर्व पद्धतींत कापड रंगाकडे न्यावे लागते आणि आकृती प्रथमच त्यावर उमटते. या पद्धतीत आकृती कापडापूर्वी, कापडापासून दूर, निराळ्या माणसांच्या हातून पूर्ण झालेली असते. कापडाच्या जागी उरते ते केवळ अर्ध्या मिनिटाचे दाबकाम. आकृती आणि कापड यांची ही फारकत हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. तिचे आर्थिक लाभ व तिने हस्तव्यवसायांपुढे उभे केलेले प्रश्न ही दोन्ही या फारकतीतून निर्माण झाली आहेत.

पूर्वपीठिका : रंगीत व छापील कापडाच्या इतिहासात तापी नदीच्या खोऱ्याला विशेष स्थान आहे. सतराव्या शतकात सुरत बंदरापासून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार यांवरून जात असे. या मार्गाने प्रवास केलेला फ्रेंच जवाहिऱ्या झां बातीस्त ताव्हेर्न्ये (१६०५–८९) याने नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव असल्याची, तसेच बऱ्हाणपूरची तलम मलमल आणि रंगीत फुलांचे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड व ईजिप्त येथपर्यंत जात असल्याची नोंद केली आहे. म्हणजे त्या काळी रंगविलेले कापड खोऱ्याच्या वरच्या भागातून खाली समुद्राकडे वाहत होते.

या कापडावरील रंगकाम सावकाशीचे होते. सुती तंतू बहुतेक वनस्पतिज रंग स्वतः धरून ठेवत नाही. त्यासाठी तुरटीसारख्या रंगबंधकाची गरज असते. लाकडी ठशाने कापडावर रंगबंधक उमटवावयाचा, कापड सुकवावयाचे आणि मग ते रंगाच्या भांड्यात उकळावयाचे, अशी ही रीत होती. जेथे तुरटी लागली असेल तेथे लाल आणि जेथे लोहक्षार लागला असेल तेथे काळा रंग धरला जाई. खानदेशात लाल रंगासाठी आल या वनस्पतीच्या मुळ्या वापरीत. रंगारी, छिपी व भावसार या समाजांकडे हे ज्ञान पिढीजात होते. पाणी कोणते, तुरटी किती, ऊन कसे यांवर रंगाची छटा ठरत असल्याने आकृती, रंग आणि कापड ही तिन्ही एकाच कारागिराच्या नजरेखाली राहत. ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्ये मंजिष्ठातील ॲलिझरीन हे रंगद्रव्य कृत्रिम रीत्या तयार केले. ते स्वस्त दराने बाजारात आल्यानंतर आलीची लागवड व तिच्यावरील रंगकाम मागे पडले. त्या खोऱ्यातील रंगकामाचा गाभा बाहेर जाण्याची ही पहिली घटना म्हणता येईल.

आकृती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची कल्पना मात्र आपल्याकडे अपरिचित नव्हती. चित्रकार व भरतकाम करणारे कारागीर कागदावरील आकृतीच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडीत आणि त्यांवरून कोळशाची पूड किंवा नीळ फिरवून आकृतीचा ठिपक्यांचा माग खालच्या पृष्ठभागावर उतरवीत. या छिद्रयुक्त कागदाला खाका म्हणत. जरदोजीच्या कामात ही रीत अद्याप चालू आहे. महाराष्ट्रातील खडीचे काम हे दुसरे उदाहरण होय. गोंद किंवा रोगण यांसारख्या चिकट द्रव्याचा ठसा कापडावर उमटवून त्यावर सोन्याचांदीचा वर्ख किंवा त्याचे चूर्ण बसवीत. खडीची चंद्रकळा या साडीवरील चमकते ठिपके याच रीतीचे होत. चिकट थराने रंगद्रव्य कापडास बांधण्याचे हे तत्त्व पुढे स्थानांतर मुद्रणाच्या दुसऱ्या प्रकारात नव्या साधनांनी अवतरले.

यूरोपातील आरंभ : कागदावरील छाप दुसऱ्या वस्तूवर उतरविण्याचा व्यापारी उपयोग प्रथम मातीच्या भांड्यांवर झाला. लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर व गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत १,२०० हून अधिक फरशा छापून दाखविल्याचे प्रतिज्ञापत्रावर नमूद केले. कोरीव तांब्याच्या पत्र्यावरील छाप घेऊन तो फरशीवर उतरवावयाचा आणि भट्टीत पक्का करावयाचा, अशी ही पद्धत होती. हाताने फरशा रंगविणाऱ्या कुशल चित्रकारांच्या कामाशी या वेगाची तुलना तेव्हाच होऊ लागली होती. कापडाच्या बाबतीत १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने भरतकामाच्या आकृत्या छापलेले कागद बाजारात आणले. हा कागद कापडावर उलटा ठेवून त्यावरून गरम इस्तरी फिरविली म्हणजे आकृतीची रेघ कापडावर उमटे. ही रेघ टाक्यांखाली झाकली जाणार असल्याने ती टिकण्याची अपेक्षा नव्हती. टिकाऊ छपाई या मार्गाने होण्यास निराळ्या प्रकारचा तंतू आणि निराळ्या प्रकारची रंजके यांची आवश्यकता होती.

पॉलिएस्टर व संप्लवनशील रंजके : पहिल्या महायुद्धानंतर सेल्युलोज ॲसिटेट या कृत्रिम तंतूचे कापड बाजारात आले, परंतु पाण्यात विरघळणारे प्रचलित रंग ते स्वीकारत नसे. म्हणून १९२२–२४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पाण्यात न विरघळणारी, पण अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात विखुरणारी रंजके तयार करण्यात आली. त्यांना व्यवहारात ‘डिस्पर्स’ रंग म्हणतात. यांतील काही रंग तापविले असता द्रवरूप न होता एकदम वायुरूप होतात, म्हणजेच त्यांचे संप्लवन होते. रंगाऱ्यांच्या दृष्टीने हा दोष होता. कारण इस्तरी करताना रंग उडून शेजारच्या कापडास लागत असे.

मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या संस्थेतील जे. आर. व्हिनफील्ड व जे. टी. डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टर तंतूचा शोध लावला. सुती कापडाच्या छपाईसाठी स्थापन झालेल्या संस्थेत हा तंतू जन्मास यावा, हे लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये तो ‘टेरिलीन’ व अमेरिकेत ‘डेक्रॉन’ या नावांनी विकला जाऊ लागला. ॲसिटेटसाठी बनविलेले डिस्पर्स रंग या तंतूसही लागू पडले.

उत्तर फ्रान्समधील रूबे या वस्त्रोद्योगाच्या नगरात काम करणाऱ्या नोएल द प्लास याने १९५७ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. डिस्पर्स रंगांनी कागद छापून तो पॉलिएस्टर कापडावर दाबून तापविल्यास कागदावरील रंग वायुरूपाने कापडात जातो व तेथे पक्का होतो, असे त्यास आढळले. ज्या गुणधर्माला दोष मानले जात होते, त्यावरच ही पद्धत उभी राहिली. १९६० च्या दशकात ‘सब्लिस्टॅटिक’ या नावाने छापील कागदाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि १९७० च्या दशकात विणकामाच्या (निटिंगच्या) पॉलिएस्टर कापडाला आलेल्या तेजीबरोबर ही पद्धत यूरोप, अमेरिका व जपानमध्ये झपाट्याने पसरली. ताणले जाणारे असे कापड रुळावर छापणे अवघड असते. कागदावरून आकृती उतरविताना ती अडचण येत नाही.

प्रक्रिया : कागद गुळगुळीत व घट्ट विणीचा असावा लागतो, म्हणजे रंगाची वाफ कागदात मागे न शिरता कापडाकडे जाते. त्यावर ग्रॅव्ह्यूर, फ्लेक्सो, ऑफसेट किंवा जाळीच्या (स्क्रीन) पद्धतीने उलटी, म्हणजे आरशातील प्रतिमेसारखी आकृती छापतात. कागदावर हे रंग मळकट दिसतात. तंतूत शिरल्यावरच त्यांची खरी छटा खुलते. त्यामुळे नवशिक्यास कागदावरून छपाईचा अंदाज येत नाही.

तुकड्यांसाठी किंवा तयार कपड्यांसाठी सपाट दाबयंत्र वापरतात. खालच्या मऊ गादीवर कापड, त्यावर कागद आणि वरून विजेने तापविलेली धातूची पाटी अशी त्याची रचना असते. सलग कापडासाठी तापविलेला मोठा रूळ व त्याला वेढणारा नमद्याचा अखंड पट्टा असतो; कागद व कापड दोन्ही मिळून त्यांच्यामधून सरकतात. पॉलिएस्टरसाठी तापमान बहुधा २००°–२१०° से. आणि कालावधी २०–३० सेकंद ठेवतात. पॉलिएस्टरच्या रेणुसाखळ्या सु. ७०°–८०° से. च्या वर हालचाल करू लागतात आणि तंतू सु. २६०° से. ला वितळतो. या दोन मर्यादांमध्ये तंतूच्या अंतर्भागात रंगाच्या रेणूंना वाट मिळते. कापड थंड झाले की साखळ्या पुन्हा स्थिर होतात आणि रंग आत अडकतो. तापमान कमी पडल्यास आकृती फिकट येते. जास्त झाल्यास कापडावर चकाकी येते, ते पिवळे पडते व रेषा पसरतात. कागद जरा सरकला तरी आकृतीची दुहेरी छाया उमटते.

छपाईनंतर वाफारणे, धुणे व सुकविणे यांपैकी काहीच करावे लागत नाही. तांब्याच्या रुळांच्या छपाईत प्रत्येक रंगास निराळा कोरीव रूळ लागे आणि त्या खर्चामुळे हजारो मीटर कापड एकाच आकृतीत छापणे भाग पडे. येथे व्यापाऱ्याला छापील कापडाऐवजी छापील कागद साठवून ठेवता येतो आणि मागणी येईल तसतसे पांढरे कापड छापून देता येते. फॅशन बदलली तर नुकसान कागदाचे होते, कापडाचे नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही याच रसायनातून येतात. सुती तंतूला डिस्पर्स रंगांविषयी आकर्षण नसल्याने त्यावर ही आकृती धुण्यात टिकत नाही. पॉलिएस्टर ६७ व कापूस ३३ टक्के अशा मिश्र धाग्याच्या कापडात केवळ पॉलिएस्टरचा भाग रंगतो व एकूण छटा फिकी राहते. नायलॉनवर आकृती उमटते, परंतु ती धुण्यास कमी टिकते. शिवाय हे रंग पारदर्शक असल्याने ते पांढऱ्या किंवा फिक्या कापडावरच दिसतात. काळ्या कापडावर पांढरे फूल या मार्गाने उमटविता येत नाही.

पापुद्र्याचे स्थानांतर : सुती व गडद कापडासाठी दुसरा प्रकार विकसित झाला. सहज सुटणाऱ्या लेपाच्या कागदावर पीव्हीसी व मृदुकारक द्रव्य यांच्या मिश्रणाची (प्लास्टिसॉलची) शाई जाळीने छापतात, ती अर्धवट पक्की करून ठेवतात आणि पुढे सु. १६०°–१९०° से. तापमानाला कपड्यावर दाबतात. शाई वितळून धाग्यांमध्ये उतरते व कागद सोलून काढता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत बनियनवजा सुती सदऱ्यांवर (टी-शर्टवर) अशी चित्रे दुकानात ग्राहकासमोर दाबून देण्याची प्रथा लोकप्रिय झाली. या प्रकारात आकृती स्पर्शाला जाणवते, हवा अडविते आणि अनेक धुण्यांनंतर तिला चिरा पडू शकतात.

वर्खाची (फॉइल) छपाई याच गटातील होय. कापडावर चिकट द्रव्याने आकृती छापून त्यावर धातूच्या मुलाम्याची फिल्म तापवून दाबतात. जेथे चिकट द्रव्य असेल तेथेच मुलामा राहतो. खडीच्या कामाशी तिचे नाते उघड आहे. फरक इतकाच, की वर्खाची जागा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या फिल्मने व ठसा मारणाऱ्या हाताची जागा दाबयंत्राने घेतली आहे. अलीकडे, विशेषतः २०२० नंतर, फिल्मवर रंगीत व त्यामागे पांढरी शाई फवारून, तिच्यावर उष्णतेने वितळणारी चिकट भुकटी पसरून ती आकृती सु. १५०°–१६५° से. ला कापडावर उतरविण्याची पद्धत प्रचारात आली आहे. तिला ‘डीटीएफ’ म्हणतात. ती सुती, पॉलिएस्टर, फिक्या व गडद अशा सर्व कापडांवर चालते.

महाराष्ट्रातील प्रसार : या पद्धतीचा प्रसार पॉलिएस्टरच्या प्रसाराबरोबरच झाला. ठाणे येथील केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीच्या कारखान्यात १९६५ मध्ये ‘टेरिन’ या पॉलिएस्टर तंतूचे उत्पादन सुरू झाले. प्रारंभी महाग असलेले टेरिलीन व टेरिकॉट हे कापड प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे १९८२ मध्ये रिलायन्सच्या पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. केंद्र शासनाने १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणात नैसर्गिक व कृत्रिम तंतूंना समान वागणूक देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यानंतर पॉलिएस्टर क्रमाने स्वस्त होऊन सामान्य माणसाचे कापड बनले. मुंबईत वरळीची ‘सस्मिरा’ (स्थापना १९५०) व घाटकोपरची ‘बीट्रा’ (१९५४) या संशोधन संस्था, तसेच माटुंग्याचा रासायनिक तंत्रविद्या विभाग (१९३३, सध्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था) यांनी कृत्रिम तंतूंच्या रंगाई-छपाईचे शिक्षण व संशोधन पुढे नेले.

मुंबईच्या संयुक्त गिरण्यांत कातणे, विणणे, रंगविणे व छापणे ही सर्व कामे एकाच आवारात होत. छपाई खात्यात रूळ कोरणारे, ‘कलर किचन’मध्ये रंग कालविणारे व यंत्रावर रंगांचा मेळ राखणारे असे अनेक कुशल कामगार असत. हॉलंडच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेल्या फिरत्या जाळीच्या यंत्राने कोरीव रुळांचे महत्त्व कमी केले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सु. अडीच लाख कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालू झाल्या नाहीत. विणकाम भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे आणि कृत्रिम कापडाची रंगाई-छपाई मोठ्या प्रमाणावर सुरतेकडे गेली. गिरणीच्या ऱ्हासाचे कारण स्थानांतर मुद्रण हे नव्हे. परंतु एकाच आवारातील कामांची जी फाटाफूट त्या काळात झाली, तिला ही पद्धत सोयीची ठरली. आकृती एका गावी, कागदाची छपाई दुसऱ्या गावी, कापड तिसऱ्या गावी आणि दाबकाम चौथ्या गावी असे विभाजन तिच्यामुळे शक्य झाले.

या बदलाचे चित्र नंदुरबार जिल्ह्यात स्पष्ट दिसते. तापी खोऱ्यातून जाणारा सुरत–भुसावळ लोहमार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला. त्याने सुरतेपासून सु. १६० किमी. वरील नंदुरबारला त्या नगराशी थेट जोडले. जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून झाली असली, तरी बाजारपेठ म्हणून या भागाचे तोंड फार पूर्वीपासून सुरतेकडे आहे. धानोरा व त्यासारख्या गावांच्या परिसरात कापूस पिकतो. एके काळी या भागाचा कापूस अमळनेर, धुळे व जळगाव येथील गिरण्यांना जवळ होता. आज गावच्या दुकानांत व आठवडेबाजारांत मिळणाऱ्या छापील साड्या, ओढण्या व मुलांचे कपडे यांत पॉलिएस्टरचे प्रमाण मोठे आहे आणि ते बव्हंशी सुरतेच्या बाजारातून येतात. रंगीत कापडाचा प्रवाह सतराव्या शतकात खोऱ्यातून समुद्राकडे होता. तो आता समुद्राकडून खोऱ्यात वर येतो. शेतकऱ्याच्या शिवारातील तंतूवर ही छपाई धरत नाही, हे रासायनिक तथ्य येथे आर्थिक तथ्य बनते. कापूस गावाबाहेर जातो आणि त्याच गावात अंगावर येते ते कापूस नसलेले कापड. नवापूर येथील औद्योगिक क्षेत्रात सुरतेच्या व्यवसायाशी निगडित कापड कारखाने निघाल्याने या प्रवाहाचा काही भाग जिल्ह्यात थांबू लागला आहे. ताव्हेर्न्येने विणकरांचे गाव म्हणून नोंदविलेल्या ठिकाणी यंत्रमाग यावेत, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

संगणकीय टप्पा व कलावस्तू : १९९० च्या दशकात संगणकास जोडलेले शाई फवारणारे मुद्रक संप्लवनशील शाईसह वापरता येऊ लागले आणि आकृतीसाठी रूळ किंवा जाळी बनविण्याची गरज संपली. एकच प्रत छापणेही परवडू लागले. मुद्रक, दाबयंत्र व संगणक एवढ्या सामग्रीवर हा व्यवसाय तालुक्याच्या गावी, बहुधा छायाचित्रकाराच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानाला जोडून, चालतो. गणेशमंडळांचे व गोविंदा पथकांचे सदरे, क्रीडासंघांचे क्रमांकित पोशाख, शाळांची बोधचिन्हे, लग्नप्रसंगीच्या भेटी ही त्याची नित्याची कामे होत.

चिनी मातीचे पेले, फरशा, धातूच्या पट्ट्या व लाकडी पाट्या यांवरही याच तत्त्वाने छपाई करतात. या वस्तू स्वतः रंग स्वीकारत नाहीत. म्हणून त्यांच्यावर आधी पॉलिएस्टरचा किंवा तत्सम बहुवारिकाचा लेप दिलेला असतो. पेल्याभोवती कागद गुंडाळून तो वक्र दाबयंत्रात सु. १८०°–२००° से. ला तीन-चार मिनिटे ठेवतात. सॅडलर व ग्रीन यांच्या फरशीवरील छाप भट्टीत पक्का होऊन काचेशी एकजीव होत असे. आजच्या पेल्यावरील चित्र मात्र लेपात असते, आणि लेप खरवडला गेल्यास तेही जाते.

हस्तव्यवसाय व आकृतीचे हक्क : आकृती कापडापासून वेगळी झाल्यामुळे ती कोणाची, हा प्रश्न तीव्र झाला. वारली चित्रे हे याचे ठळक उदाहरण होय. विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहावयाचा चौक हे या चित्रकलेचे मूळ स्थान. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ती कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यामुळे देशोदेशी पोहोचली. आज त्रिकोणी देहांच्या त्या मानवाकृती सदरे, पिशव्या, पेले व उशांचे अभ्रे यांवर दाबलेल्या दिसतात. त्या छापण्यासाठी वारली चित्रकाराची गरज उरलेली नाही. पैठणीच्या काठपदरावरील मोर व मुनिया पॉलिएस्टरवर छापून विकल्या जातात. तेथे विणकराच्या अनेक आठवड्यांच्या कामाशी अर्ध्या मिनिटाच्या छपाईची स्पर्धा होते. स्पर्धेपेक्षाही गंभीर बाब ही, की अशा नकलेमुळे ग्राहकाची विणीची ओळख पुसट होते. पैठणीचे रूप दोन्ही बाजूंनी सारखे असते व छापील साडीची मागील बाजू फिकी राहते, एवढी साधी परीक्षाही विस्मरणात जाते.

कायद्याने दिलेले संरक्षण अपुरे आहे. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा १९८५ चा कायदा मुख्यतः विणकामाशी संबंधित आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १५ (२) नुसार नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेला आकृतिबंध मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वेळा वस्तूंवर उतरविला, की त्यावरील प्रतिलिप्यधिकार संपतो. सजावटीच्या कापडांवरील आकृत्यांबाबतच्या मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये औद्योगिक उपयोगासाठी केलेल्या अशा आकृत्या आकृतिबंध कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय दिला. आकृतिबंध अधिनियम, २००० खालील नोंदणीला आकृती नवी असणे आवश्यक असल्याने परंपरेने चालत आलेल्या आकृतीस ती मिळू शकत नाही. समूहाच्या मालकीच्या आकृतीला त्यातल्या त्यात जवळचे संरक्षण भौगोलिक मानांकनाचे आहे. १९९९ चा हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखाली पैठणीची नोंदणी २०१० मध्ये व वारली चित्रकलेची २०१४ मध्ये झाली. परंतु हे संरक्षण प्रामुख्याने नावाच्या वापरास आहे. नाव न घेता रूप उचलणाऱ्यास ते फारसे अडवीत नाही.

पाणी, कागद व आरोग्य : पारंपरिक गिरणी छपाईत कापड धुण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पाणी लागते आणि सांडपाण्यातून रंग, लवणे व खळ नदीत जातात. इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगाच्या संदर्भात पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न दीर्घकाळ गाजत आहे. संप्लवनाच्या पद्धतीत दाबकामाच्या जागी सांडपाणी जवळजवळ निघत नाही. कमी पाण्याच्या प्रदेशाला हा मोठाच लाभ आहे. मात्र छापलेल्या प्रत्येक मीटर कापडामागे साधारण तेवढाच कागद एकदा वापरून टाकला जातो. त्यात काही रंग उरलेला असल्याने त्याचा पुनर्वापर मर्यादित राहतो आणि तो वेष्टनासाठी किंवा रद्दीत जातो. पॉलिएस्टर स्वतः खनिज तेलापासून बनते व ते निसर्गात सहज कुजत नाही. काही डिस्पर्स रंगांमुळे संवेदनशील त्वचेस अपाय होतो. कामाच्या जागी उष्णता व रंगांची वाफ यांमुळे हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. लहान दुकानांत याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

मूल्यमापन : ठशाच्या किंवा रुळाच्या छपाईत कौशल्य कापडाच्या शेजारी राहत होते; उष्ण स्थानांतर मुद्रणाने ते आकृती बनविणाऱ्याकडे व कागद छापणाऱ्याकडे नेले. त्यामुळे अल्प भांडवलात लहान गावीही छपाईचा व्यवसाय शक्य झाला आणि रंगीत कपडा गरिबाच्या आवाक्यात आला. त्याच वेळी त्या गावचे काम आकृती निर्माण करण्याचे न राहता ती दाबून देण्याचे राहिले. संगणकीय मुद्रकामुळे हा क्रम काही अंशी उलटविणे शक्य झाले आहे, कारण आता आकृती गावीच बनविता व तेथेच छापता येते. सुती कापडावर चालणाऱ्या नव्या पद्धतींमुळे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात कापूसही या छपाईच्या कक्षेत आला आहे. या शक्यतेचा लाभ स्थानिक कारागिरास मिळेल की केवळ नक्कल करणारास, हे यंत्रावर नसून आकृतीवरील हक्क, शिक्षण व ग्राहकाची जाण यांवर अवलंबून आहे.